पाण्याच्या उलट वाटेने

शुक्रवार, १९ सप्टेंबर २००८. उजाडायला अजून अवकाश आहे आणि तुम्ही नाशिक शहराच्या खालच्या अंगाला, एकलहऱ्याला, गोदावरीच्या काठावर चिखलात उभे आहात. अंधारात तीन-चार बॅटऱ्यांचे उजेड हलताहेत. दोर ताणले जाताहेत, पाय घसरताहेत. "पाईप जाऊ दे रे, पाईप जाऊ दे! आधी मोटार धर!" असं कुणीतरी ओरडतं आणि चार माणसं मिळून नदीतली मोटार काठावर ओढून घेतात. दम न खाता ती पुढच्या मोटारीकडे धावतात.

या काठावर पुराची सुरुवात अशी होते. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की शेतकरी आधी मोटार काढतो, मग गोठ्यातली जनावरं सोडतो, आणि त्यानंतर घराकडे बघतो. मोटार, स्टार्टर, केबल वाहून गेली तर पूर ओसरल्यावर समोर भरली नदी असूनही पिकाला पाणी देता येत नाही. टोमॅटो उभा आहे, सोयाबीन काढणीला येतंय, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. या माणसांच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागलेला नाही. आज काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि दोर तुमच्या हातात येत नाही. तुम्हाला बघता येईल, ऐकता येईल. तेवढंच.

फटफटतं. मागे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात. १९७० च्या सुमारास इथला पहिला संच सुरू झाला, पुढच्या दशकभरात २१० मेगावॅटचे तीन मोठे संच आले, आणि केंद्राला पाणी मिळावं म्हणून नदीवर बंधारा झाला. एरवी या बंधाऱ्यामागे पाणी संथ पसरलेलं असतं, कडेकडेने पानवेलींनी झाकलेलं. आज बंधारा दिसत नाही. तो जिथे असायला हवा तिथे पाण्याला एक लांबलचक आडवी फुगवटी आली आहे आणि तिच्यावरून सगळं सुसाट खाली चाललं आहे.

जरा वेळ इथेच थांबा. शहराने काय गमावलं हे शहरापेक्षा इथे आधी कळतं, कारण शहरात प्रत्येक जण आपापलं वाचवण्यात गुंतलेला असतो. आधी येतात पानवेलींची बेटं. मग मुळासकट उपटलेल्या बाभळी. मग गणपती. अनंत चतुर्दशी होऊन पाचच दिवस झालेत. विसर्जित मूर्तींचे प्लास्टरचे हात, मुकुटांचे तुकडे, लाकडी पाट, थर्माकोलची मखरं एकामागून एक येतात. त्यांच्या मागून पत्रावळ्या, दर्भ, केळीची पानं. पितृपक्षाचा पहिला आठवडा सुरू आहे, रामकुंडावर श्राद्धविधींसाठी बाहेरगावची माणसं येताहेत, आणि त्या विधींचं सगळं सामान नदी घेऊन चालली आहे. इथपर्यंत काठावरच्या माणसांना काही वेगळं वाटत नाही. नदीत टाकलेलं नदीतून यायचंच.

मग एक हातगाडी येते, चाकं वर केलेली. प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. भाजीचे क्रेट, टपरीचं पत्र्याचं छप्पर, पितळी डबा, कापडाचा सुटलेला तागा. मोटारी ओढून थकलेला एक म्हातारा कमरेवर हात ठेवून त्या ताग्याकडे बघत राहतो.

"गंगा बाजारात शिरली," तो म्हणतो.

बाजूचा पोरगा विचारतो, "तुम्हाला कसं कळलं आबा?"

"घाटावर कोणी तागे विकत नाही रे."

आता वर चला, पाण्याच्या उलट. ज्या वस्तू इथून गेल्या त्या कुठून सुटल्या ते बघायला हवं.

दसक-पंचकचे घाट पाण्याखाली आहेत. टाकळीला नासर्डी येऊन मिळते. जुन्या लोकांची नंदिनी. तिलाही आज वाट मिळत नाही, गोदावरीच इतकी चढली आहे की नासर्डीचं पाणी मागे दाटून वस्त्यांत पसरतंय. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या कन्नमवार पुलावर बघ्यांची गर्दी झाली आहे, छत्र्यांना छत्र्या लागल्यात. मोबाईल सगळ्यांच्या हातात आहेत, पण त्यावर बोलणं होतं आणि मेसेज जातो, तेवढंच. वरच्या पुलापाशी पाणी किती आहे हे इथल्या माणसाला कुणीतरी फोन करून सांगितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही द्वारकेवरून सारडा सर्कल गाठता, भद्रकालीतून दहीपुलाकडे उतरता. उतार सुरू होतो आणि पायाला पाणी लागतं.

हे पाणी नदीकडून येताना दिसत नाही. ते गटारांच्या झाकणांतून बुडबुडत वर येतं. या भागाच्या पोटातून सरस्वती नाला जातो. पूर्वी तो उघडा होता, मग त्याच्यावर स्लॅब पडले, रस्ता झाला, दुकानं झाली, आणि खाली नाला आहे हे रोजच्या व्यवहारात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नदी चढली की नाल्याचं तोंड बंद होतं. वरून आलेलं पावसाचं पाणी पुढे जाऊ शकत नाही आणि नदीचं पाणी त्याच वाटेने उलटं आत शिरतं. म्हणून सराफ बाजारात पूर घाटाच्या पायऱ्या चढून येण्याआधी जमिनीखालून येतो. नाशिकच्या पुरातली ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: शहराने जी वाट झाकली, त्याच वाटेने पाणी आत आलं.

सराफ बाजारात तिजोऱ्या आधी रिकाम्या झाल्यात. सोनं आटोपशीर असतं, पिशवीत मावतं, माणूस ते पोटाशी धरून वरच्या मजल्यावर जाऊ शकतो. अडचण बाकीच्यांची आहे. कापड दुकानातले तागे किती हलवणार? भांडी बाजारात पातेल्यांच्या उतरंडी आहेत, घंगाळी, हंडे, समया, त्या हलवायला दिवस लागतो. किराणा दुकानात साखरेची पोती खालच्या थरात असतात, कारण जड माल खालीच ठेवतात. ती पाण्यात विरघळतात तेव्हा आवाजसुद्धा होत नाही. एक दुकानदार गल्ला सोडून लाल कापडी बांधणीच्या वह्या डोक्यावर घेऊन जिना चढतोय. त्याचं बरोबर आहे. भिजलेली नोट वाळवून चालवता येते, उधारीची वही भिजली तर घेणेकरी आणि देणेकरी दोघेही पुसले जातात.

गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्याच, पलीकडे, पंचवटीत, आणखी जुन्या वह्या माळ्यावर चढताहेत. इथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळी असतात. कोण कुठल्या गावाहून आलं, कुणाचं श्राद्ध केलं, मुलांची नावं काय, सगळं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं. विदर्भातलं किंवा कर्नाटकातलं एखादं कुटुंब स्वतः विसरलं असेल असा पणजोबा इथल्या जाड कागदावर शाईने जिवंत असतो. पितृपक्षात या वह्या रोज उघडतात, म्हणजे नेमक्या आज त्या खालच्या खोलीत, हाताशी आहेत. घरातल्या सुना, मुलं, शेजारी अशी साखळी लागते आणि हातोहात वह्या वर जातात.

आता वर एखाद्या वाड्याच्या गच्चीवर चढा आणि नदीकडे बघा.

तुम्हाला ओळखीचं काहीच सापडत नाही. रामकुंड कुठे, लक्ष्मणकुंड कुठे, गांधी तलाव कुठे, सांगता येत नाही. घाटावरची लहान देवळं गेलीत, मोठ्या देवळांचे कळस तेवढे वर आहेत. नारोशंकराचं मंदिर, १७४७ मध्ये बांधलेलं, चहूबाजूंनी पाण्यात उभं आहे. वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगितली जाणारी त्याची मोठी घंटा आज सगळ्यांच्या बोलण्यात आहे. "घंटेला लागलं का?" हा प्रश्न गच्चीवरून गच्चीवर जातो. आणि दुतोंड्या मारुती, नदीपात्रातला तो उंच मारुती, दिसत नाही.

नाशिककराला पूर सांगायचा असेल तर तो क्युसेक सांगत नाही, मारुती सांगतो. पायाला पाणी लागलं म्हणजे घाटावरच्या टपऱ्या उचलायच्या. गुडघ्याला लागलं म्हणजे गाड्या काढायच्या. छातीला लागलं म्हणजे सराफ बाजाराने आवरायला घ्यायचं. बुडाला म्हणजे मग आपल्या हातात काही नाही. ही मोजपट्टी कुठल्याही कार्यालयाच्या फलकापेक्षा लवकर पोचते, कारण ती वाचायला शिकावं लागत नाही, आणि आईने मुलाचा हात धरून ती त्याला दाखवलेली असते. मला या मोजपट्टीचा आदर वाटतो. जुन्या शहराने नदीला स्वतःच्या मधोमध जागा दिली आणि ती किती वाढली हे पाहण्यासाठी तिच्यातच एक देव उभा केला.

गच्चीवर एक आजी आहे, पदर डोक्यावर घट्ट धरून. सगळे घाबरलेत, ती बारकाईने बघतेय.

"एकोणसत्तरला यापेक्षा जास्त होतं," ती म्हणते. "पण तेव्हा एवढं नुकसान नव्हतं बाई."

सुनेला ते पटत नाही. तुम्ही पडताळून पाहू शकता. तिच्या मागे जा, १९६९ मध्ये.

तोच वाडा, तीच गच्ची, पाणी खरंच आणखी वर. पण आजूबाजूला बघा. नाशिक अजून नगरपालिकेचं गाव आहे, महापालिका व्हायला १९८२ उजाडणार आहे. गंगापूर रस्त्याला पेरूच्या बागा आहेत, मळे आहेत, आणि नदी त्या मळ्यांत पसरली आहे. ती तिथे पसरते म्हणून इथे तिचा जोर थोडा तरी मोडतो. सरस्वती नाला अंगावर स्लॅब घेऊन बसलेला नाही. वाड्यांची जोती उंच आहेत, धान्य माळ्यावर आहे, तळघरात दुकान काढावं असं कुणाच्या मनात आलेलं नाही. खाली एकलहऱ्याला वीज केंद्राचं बांधकाम चालू आहे, त्यातून अजून वीज निघालेली नाही. नुकसान तेव्हाही होतं, भयंकर होतं. मातीच्या भिंती बसल्या, माणसं उघड्यावर आली. तरी आजीचं म्हणणं खोटं नाही. १९६९ मध्ये पाणी जास्त होतं आणि त्याच्या वाटेत आपण कमी होतो.

२००८ पर्यंत शहर दहा लाखांच्या पुढे गेलं. मळ्यांच्या जागी इमारती आल्या. छप्परं, डांबर, फरशी यांवर पडलेला पाऊस मुरत नाही, काही मिनिटांत नाल्याला लागतो. सिंहस्थ कुंभमेळ्यांच्या कामांत घाट वाढले, पात्रात आणि कुंडांच्या तळाशी काँक्रीट पडलं. पुढे ते काढण्यासाठी नाशिककरांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. नदीकाठाने गोदापार्क झाला, फिरायला सुंदर, आणि बरोबर त्या पट्ट्यात जो नदी दर काही वर्षांनी परत मागते. आज, तुम्ही बघताय त्या दिवशी, तिने तो घेतला आहे.

धरणावर का नाही अडवलं पाणी? बाजारात रागाने हाच प्रश्न विचारला जातोय, म्हणून आणखी वर, गंगापूरला चला. हे मातीचं धरण आहे. साठवण ५,६३० दशलक्ष घनफूट. वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही धरणं, त्यांच्याही वर त्र्यंबकचा आणि ब्रह्मगिरीचा डोंगर, जिथे नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. शहरात रिमझिम असताना पूर येऊ शकतो तो यामुळे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात धरण भरलेलं असणं हीच सगळ्यांची इच्छा असते: पिण्याचं पाणी, कालव्यांची आवर्तनं, कारखाने, सगळं या साठ्यावर. भरलेल्या धरणावर असा पाऊस कोसळला की दारांपाशी उभ्या असलेल्या अभियंत्यापुढे निवड फार उरत नाही. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं तर धरणच जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासला गेलं आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. महाराष्ट्रातला कुठलाही धरण अभियंता ती तारीख विसरत नाही. म्हणून दारं उचलली जातात. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. आज विसर्ग त्याच्या कितीतरी पट आहे, आणि धरणाच्या खाली जमा होणारं पाणी, नाल्यांचं, नासर्डीचं, वाघाडीचं, ते वेगळं.

चूक दारं उचलण्यात शोधू नका. त्याआधी किती दिवस, किती थोडं थोडं सोडता आलं असतं, आणि निरोप शेवटच्या टपरीवाल्यापर्यंत किती तास आधी गेला, हे विचारा. हा प्रश्न त्या दिवशी योग्य होता आणि आजही आहे.

पाणी उतरतं तेव्हा खरी सुरुवात होते. शनिवारी सकाळी सराफ बाजारात उतरा. चिखल गुडघ्याच्या जवळपास, चिकट, काळपट, त्याला गटाराचा आणि कुजलेल्या धान्याचा वास. शटर उघडत नाहीत, कारण आत माल फुगून दारावर दाबला गेलाय. ती पहारीने उचकटली की आतून आधी चिखल बाहेर पडतो आणि मग दुकान. अग्निशमन दलाचे बंब रस्ते धुताहेत, कुणी जंतुनाशक पावडर टाकतंय. या बाजारात झारेकरी वर्षभर गटारातली माती धुवून सोन्याचे कण वेचतात, त्यावर त्यांचं घर चालतं. आज सगळ्या गल्लीची माती ट्रॅक्टरमध्ये भरून चालली आहे आणि ते तिच्याकडे बघत उभे आहेत. त्यांचा पंचनामा कोणत्या रकान्यात होईल?

पंचनाम्यात दुकान येतं, घर येतं, जनावर येतं. हातगाडी येते की नाही हे तलाठ्यावर आणि कागदावर अवलंबून. घाटावर फुलं विकणाऱ्या बाईकडे कसला कागद असणार? आणि वाडे लगेच पडत नाहीत. दोनतीन दिवसांनी ऊन पडतं, ओली पांढरी माती सुकायला लागते, तडे जातात, आणि पूर संपला असं समजून आत झोपायला गेलेल्या माणसांवर भिंत येते. जुन्या नाशकात पुरानंतरच्या आठवड्याची भीती पुरापेक्षा कमी नसते.

खाली काय झालं ते शहराला फारसं कळत नाही. एकलहऱ्याच्या पुढे दारणा येऊन मिळते, गोदावरीचं बळ वाढतं, आणि चांदोरी, सायखेडा या निफाड तालुक्यातल्या गावांत पाणी घरांत शिरतं. शहरातून सुटलेल्या पानवेली सायखेड्याच्या पुलाला अडकल्या की पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं. त्यापुढे नांदूर मधमेश्वर, आणि मग दूर खाली पैठणला जायकवाडी, जिथे हेच पाणी पोचतं तेव्हा मराठवाड्यात लोक आनंदाने रोजची पातळी विचारतात. एकाच पाण्याची ही दोन रूपं आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. पण मधल्या गावांच्या वाट्याला ना शहराच्या बातम्या येतात ना जायकवाडीचा आनंद. त्यांच्या वाट्याला शहराचा कचरा आणि वाहून गेलेल्या मोटारी येतात.

त्यानंतर नकाशावर रेषा आल्या. निळी पूररेषा, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम नको, निळ्या-लालच्या मध्ये अटी घालून. रेषा आखल्या गेल्या तेव्हा कळलं की जुनं नाशिक तर त्यांच्या आत आहेच, नवंही बरंच आत जाऊन बसलंय. मग वर्षानुवर्षं चर्चा झाली ती रेषा कुठे सरकवता येईल याची. २ ऑगस्ट २०१६ ला मारुती पुन्हा बुडाला. ४ ऑगस्ट २०१९ ला पुन्हा. दोन्ही वेळा सराफ बाजाराने माल वर चढवला, चांदोरी-सायखेड्याने घरं सोडली, एकलहऱ्याने मोटारी काढल्या.

तुम्हाला परत तुमच्या काळात सोडण्याआधी एक तारीख दाखवतो, जी मागे नाही, पुढे आहे. २०२७ च्या सिंहस्थातलं नाशिकचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला आहे. त्यानंतरची ३१ ऑगस्टला आणि ११ सप्टेंबरला. २०१५ चा सिंहस्थ कोरड्या वर्षात आला, स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं लागलं, आणि तीच आठवण अनेकांच्या डोक्यात ताजी आहे. २ ऑगस्टला लाखो माणसं त्याच पायऱ्यांवर उभी असतील जिथे अकरा वर्षांपूर्वी याच तारखेला पायऱ्या दिसत नव्हत्या. घाटांची, पुलांची, रस्त्यांची कामं निघाली आहेत, त्यांचे आराखडे भिंतींवर लागलेत. त्या आराखड्यांपुढे उभे राहिलात तर शोधा: मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की रामकुंडावरची गर्दी कुठल्या वाटेने, किती वेळात वर काढायची, आणि त्याच वेळी एकलहऱ्याला, चांदोरीला, सायखेड्याला फोन कुणी करायचा.